धर्मादाय निधीसाठी ऑनलाइन सोडती आणि नशिबाचे छोटे खेळ : नियम कुठे हवेत, कुठे नकोत?

उंबरठा (धागाकर्ता)

सामाजिक कामासाठी निधी उभा करताना रॅफल, म्हणजे तिकिटे विकून काढलेली सोडत, हा मार्ग अनेक संस्थांना जवळचा वाटतो. नुसती देणगी मागण्यापेक्षा तिकीट विकणे स्वयंसेवकांना सोपे जाते आणि जो एरवी देणगी दिलीच नसती असा माणूसही तिकीट घेतो. आता ही सोडत संकेतस्थळांवर, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि पैसे भरण्याच्या लिंकवर आली आहे. तिचे नियमन कसे असावे याची नीट चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

मुळात सोडत कशाला म्हणायचे याबद्दल बहुतेक कायद्यांत एकवाक्यता आहे. सहभागी होण्यासाठी पैसे मोजावे लागतात, बक्षीस असते आणि ते कोणाला मिळणार हे नशिबावर ठरते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती सोडत होते, मग उद्देश कितीही चांगला असो. धर्मादाय संस्थांसाठी कायदा या व्याख्येतून वाट काढून देतो, पण ती वाट प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याखाली एका सोडतीची विक्री २०,००० पौंडांच्या आत आणि वर्षभराची २,५०,००० पौंडांच्या आत असेल, तर संस्थेला परवाना लागत नाही, स्थानिक प्रशासनाकडे केवळ नोंदणी पुरते. ही मर्यादा ओलांडली की जुगार आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात संस्थेला राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते, विक्रीतील किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामाला द्यावी लागते आणि इंटरनेटवरून सोडत चालवण्यास मनाईच आहे. उटाह आणि हवाई या राज्यांत तर पैसे घेऊन काढलेली सोडत संस्थेलाही चालत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, 'छोटी सोडत' ठरवताना आपण फक्त रकमेकडे पाहतो आणि तिथेच चुकतो. कागदी सोडत सुरक्षित असण्याचे कारण तिची रक्कम लहान होती एवढेच नव्हते. तिकीटपुस्तकावर अनुक्रमांक छापलेले असत, प्रत्येक तिकिटाची स्थळप्रत संस्थेकडे राहत असे, विकणारा माणूस घेणाऱ्याच्या ओळखीचा असे आणि चिठ्ठी सर्वांच्या डोळ्यांदेखत उचलली जाई. ज्याला शंका येई तो उरलेली पुस्तके मागून पाहू शकत असे. थोडक्यात, कायद्याने काही करण्याआधीच ओळखीचे आणि कागदाचे एक कुंपण सोडतीभोवती होते. ऑनलाइन सोडतीत रक्कम तेवढीच लहान राहिली तरी हे कुंपण पूर्णपणे जाते. एकूण किती तिकिटे विकली गेली हे घेणाऱ्याला कळत नाही, सोडत झाली की नाही हेही कळत नाही आणि विजेत्याचे नाव जाहीर झाले तरी ते खरे आहे का, हे तपासायला मार्ग नसतो.

म्हणून लहान संस्थांवर परवान्याचा बोजा टाकू नये, नोंदणी पुरेशी मानावी, पण गेलेल्या कुंपणाच्या जागी नेमके काय उभे करायचे ते नियमांत स्पष्ट लिहावे, अशी माझी भूमिका आहे. माझ्या मते त्यात तीन गोष्टी अपरिहार्य आहेत : विकलेल्या तिकिटांचा ताळा बाहेरच्या माणसाला तपासता आला पाहिजे, निवड कशी झाली हे सिद्ध करता आले पाहिजे आणि गोळा झालेल्या पैशांतून कोणी किती घेतले हे तिकीट घेण्यापूर्वीच कळले पाहिजे. हिशेब, कायदा किंवा संगणक यांपैकी ज्याचा ज्यात अनुभव असेल त्याने त्या बाजूने लिहावे.

ताळेबंद

मी संस्थांचे लेखापरीक्षण करतो, त्यामुळे तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ब्रिटनमध्ये संस्थेच्या सोडतीतून किमान २० टक्के रक्कम मूळ कार्याला जावी असा नियम आहे आणि कॅलिफोर्नियात तेच प्रमाण ९० टक्के आहे. दोन्ही ठिकाणी टक्केवारी एकूण विक्रीवर मोजली जाते, खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर नाही, ही बाब फार योग्य आहे. उरलेल्या रकमेवर टक्केवारी ठेवली की, सर्व खेळ खर्चाच्या बाजूला होतो. तिकिटे विकून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचे शुल्क, जाहिरात आणि 'व्यवस्थापन' यांत विक्रीचा मोठा भाग गेला तरी उरलेले सगळे संस्थेला दिले असे खरेपणाने म्हणता येते.

आता आकड्यांचा अर्थ पाहा. ९० टक्क्यांची अट पाळायची तर बक्षीस बहुधा देणगीतूनच मिळवावे लागते, तिकिटांच्या पैशांतून मोठे बक्षीस विकत घेता येत नाही. जमलेल्या रकमेतील निम्मी रक्कम विजेत्याला देणारी '५०/५०' प्रकारची सोडत तर या अटीत बसूच शकत नाही, आणि म्हणूनच कॅलिफोर्नियाला व्यावसायिक क्रीडासंघांच्या धर्मादाय ५०/५० सोडतींसाठी वेगळे कलम करावे लागले. उलट २० टक्क्यांच्या अटीत शंभरातले ऐंशी बक्षीस आणि खर्च यांत गेले तरी नियमभंग होत नाही. मला दोन्ही टोके पटत नाहीत. बक्षीस विकत घेतलेले असेल तर त्याची किंमत वेगळी दाखवावी आणि बक्षीस वगळता इतर सर्व खर्चावर स्वतंत्र कमाल मर्यादा असावी, म्हणजे बक्षिसाच्या आडून मंचाचे शुल्क लपणार नाही.

शुल्काबद्दल आणखी एक गोष्ट. विक्रीच्या टक्केवारीवर मोबदला घेणाऱ्या मध्यस्थाला विक्री वाढवण्यातच रस असतो. संस्थेचे नाव टिकवण्याशी त्याला देणेघेणे नसते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सोडतीच्या कामाचा मोबदला धर्मादाय कामासाठी राखलेल्या रकमेतून देता येत नाही. ब्रिटनमध्ये बाहेरचा व्यवस्थापक नेमता येतो, पण त्याला स्वतःला जुगार आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. लहान संस्थेला नोंदणी आणि तिच्या वतीने धंदा करणाऱ्याला परवाना, ही विभागणी मला अतिशय न्याय्य वाटते.

शेवटी, तिकीट म्हणजे देणगी नव्हे हे तिकिटावरच छापावे. अमेरिकेत रॅफलच्या तिकिटाची रक्कम आयकरात धर्मादाय देणगी म्हणून वजा होत नाही, तरीही अनेक घेणारे तसे समजून पावती मागतात आणि हौशी खजिनदार ती देऊनही टाकतात. ऑनलाइन पानावर 'देणगी द्या' असे बटण ठेवून त्याखाली सोडतीचे क्रमांक वाटणे ही तर सरळ दिशाभूल आहे.

परखड

चर्चा चांगली चालली आहे, पण त्याआधीचा प्रश्न विचारायला हवा : ही परवानगी असावीच का?

भारतातील स्थिती येथे नोंदवतो. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने राज्य सरकारांना लॉटरी चालवण्याची चौकट दिली आहे. धर्मादाय संस्थांसाठी त्यात वेगळी वाट नाही. सरकारी नसलेल्या आणि सरकारने अधिकृत न केलेल्या लॉटरीचे कार्यालय चालवणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ खाली गुन्हा होता आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, असे स्पष्ट केले. त्यात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून बक्षिसाच्या आशेने खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली आहे. त्यामुळे येथील एखाद्या संस्थेने हा धागा वाचून उद्या लिंक फिरवू नये, एवढी विनंती.

कायदा बाजूला ठेवला तरी मला तत्त्वतः हे पटत नाही. ज्या कामासाठी माणसाने मनापासून द्यावे, त्यासाठी त्याच्या लोभाला आवाहन करणे योग्य आहे का? आणि एकदा सवय लागली की पुढच्या वर्षी बक्षीस मोठे केल्याशिवाय विक्री होत नाही, मग संस्थेची शक्ती बक्षिसामागे धावण्यात जाते.

उंबरठा

परखड, भारताबद्दलची तुमची सूचना महत्त्वाची आहे आणि ती मी धाग्याच्या सुरुवातीला जोडण्याची विनंती व्यवस्थापकांना करतो. जिथे मनाई आहे तिथे नियम कसे असावेत ही चर्चा कायदा बदलण्याच्या विचारापुरतीच आहे.

तत्त्वाच्या मुद्द्यावर मात्र थोडे वेगळे मत मांडतो. बक्षिसामागे धावण्याचा धोका खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे बक्षिसाच्या मूल्याला मर्यादा. ब्रिटनमध्ये नोंदणीवर चालणाऱ्या लहान सोडतीत एक बक्षीस २५,००० पौंडांपेक्षा मोठे देता येत नाही, आणि माझ्या मते ही मर्यादाही जास्तच आहे. पण सरसकट मनाईने सोडती थांबत नाहीत, त्या बंद गटांत जातात, जिथे ना नोंदणी असते ना विवरणपत्र. न्यूझीलंडमध्ये दूरस्थ जुगारावर बंदी असल्यामुळे धर्मादाय सोडतींची तिकिटे ऑनलाइन विकता येत नव्हती. कोविडच्या साथीत रस्त्यावरची विक्री थांबली तेव्हा तेथील सरकारला काही संस्थांसाठी तात्पुरती सूट द्यावी लागली. कॅनडात धर्मादाय सोडतींसाठी संगणक वापरण्यास फौजदारी संहितेचाच अडसर होता आणि तो २०१४ च्या दुरुस्तीने रॅफलपुरता दूर करण्यात आला. मनाई करणाऱ्यांनाही शेवटी नियम लिहायला बसावे लागले, एवढेच मला यातून दिसते.

बिनतारी

निवड सिद्ध करण्याबद्दल लिहितो. हे काम वाटते तितके अवघड नाही आणि त्यासाठी महागडी यंत्रणाही लागत नाही, म्हणून लहान संस्थांनी 'आम्हाला हे झेपणार नाही' असे म्हणण्याचे कारण नाही.

आज बहुतेक ऑनलाइन सोडतींत आयोजक पडद्यावर फिरणारे चाक दाखवतो किंवा एखाद्या संकेतस्थळावरून यादृच्छिक क्रमांक काढून त्याचे चित्र टाकतो. यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण मनासारखा निकाल येईपर्यंत तो चाक कितीही वेळा फिरवू शकतो आणि शेवटच्या फेरीचेच चित्रण प्रसिद्ध करू शकतो. थेट प्रक्षेपण केले तरी चाकात कोणते क्रमांक भरले आहेत हा प्रश्न राहतोच.

योग्य पद्धत अशी आहे. विक्री बंद झाल्यावर ग्राह्य तिकीट क्रमांकांची यादी गोठवायची, तिच्यात नावे नसावीत, फक्त क्रमांक असावेत. त्या यादीचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी पूर्ण बदलणारा तिचा डिजिटल ठसा, यादीसह सर्वांना दिसेल असा प्रसिद्ध करायचा. त्याच वेळी जाहीर करायचे की अमुक दिवशी अमुक मिनिटाला अमुक सार्वजनिक स्रोतावर येणारी संख्या वापरली जाईल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची अशी सेवा आहे. ती दर मिनिटाला ५१२ बिटांची यादृच्छिक संख्या प्रसिद्ध करते आणि जुन्या संख्याही जपून ठेवते. त्या संख्येला एकूण तिकिटांच्या संख्येने भागायचे, उरलेल्या बाकीत एक मिळवायचा आणि यादीतील त्या स्थानावरचे तिकीट विजेते ठरवायचे. हा हिशेब शाळेतला विद्यार्थीही संगणकावर करून पाहू शकतो. महत्त्वाचा भाग गणिताचा नसून क्रमाचा आहे : यादी आधी गोठली पाहिजे, मिनिट आधी ठरले पाहिजे आणि संख्या नंतर आली पाहिजे. हा क्रम उलटला की, सगळे मुसळ केरात.

मोठ्या सोडतींसाठी इलेक्ट्रॉनिक रॅफल यंत्रणांचे जीएलआय-३१ नावाचे तांत्रिक मानक उपलब्ध आहे आणि तिथे प्रयोगशाळेकडून तपासणी आवश्यक मानणे रास्त आहे. २०२० मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील एका हॉकी संघाच्या ऑनलाइन ५०/५० सोडतीत एका सामन्यापुरती जमा झालेली रक्कम कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि विक्रीच्या यंत्रणेला तो भार पेलवला नाही. अशा वेळी पैसे गेले पण क्रमांक आला नाही, असे ग्राहक निर्माण होतात, आणि त्यांचे काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर संपूर्ण सोडतच वादात सापडते.

ताळेबंद

बिनतारी यांनी फार उपयुक्त लिहिले आहे. त्यात हिशेबाच्या बाजूने भर घालतो, कारण गोठवलेली यादीच खोटी असेल तर पुढचे सारे गणित अचूक असूनही उपयोग नाही. आयोजकाने न विकलेली पाचशे तिकिटे स्वतःच्या माणसांच्या नावावर यादीत घातली, तर हॅश ते पकडू शकत नाही. ते फक्त बँकेच्या खात्यावरून पकडता येते.

यासाठी मला ब्रिटनमधला एक साधा नियम अमोल वाटतो : एका सोडतीतील प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच असली पाहिजे आणि ती तिकिटावर दिसली पाहिजे. किंमत एकच असली की, यादीतील तिकिटांची संख्या गुणिले किंमत बरोबर खात्यात आलेली रक्कम, हा ताळा कोणीही पाच मिनिटांत करू शकतो. 'एक तिकीट पाचला, पाच तिकिटे वीसला, पन्नास तिकिटे शंभरला' अशा सवलती आल्या की हा ताळा मोडतो, कारण जमलेल्या रकमेवरून तिकिटांची संख्या ठरवता येत नाही आणि खोटी तिकिटे सवलतीच्या गठ्ठ्यांत सहज मुरतात. शिवाय जो एकच तिकीट घेतो त्याला प्रत्येक संधी महाग पडते आणि जो पन्नास घेतो त्याला स्वस्त, म्हणजे थोडे देऊन पाठिंबा दाखवणाऱ्यावरच अन्याय होतो. उत्तर अमेरिकेतील ५०/५० सोडतींत अशा सवलती रूढ आहेत आणि विक्री त्यांनी वाढते हेही खरे आहे. तरीही ऑनलाइन सोडतीत त्यांना मनाई असावी असे माझे ठाम मत आहे.

दुसरे, कार्डावरून भरलेले पैसे ग्राहक नंतर बँकेकडे तक्रार करून परत मिळवू शकतो. सोडतीत हरल्यावर काहीजण तसे करतात. त्यामुळे विक्री बंद होणे आणि निवड होणे यांत काही दिवसांचे अंतर ठेवावे, ज्यांचे पैसे जमा झाले नाहीत अशी तिकिटे कारणासह यादीतून वगळावीत आणि त्यांची वेगळी नोंद प्रसिद्ध करावी. सोडतीनंतर तीन महिन्यांत विक्री, बक्षिसे, खर्च आणि कार्याला दिलेली रक्कम यांचे विवरण संस्थेच्या दोन जबाबदार सदस्यांच्या सहीने स्थानिक प्रशासनाला द्यायचे, ही ब्रिटनमधील पद्धत आहे. माझी सूचना एवढीच की, हे विवरण केवळ कार्यालयात न राहता ज्या पानावर तिकिटे विकली त्याच पानावर लागावे.

शांतरस

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशन करते. आतापर्यंतची चर्चा फसवणुकीभोवती आहे, पण फसवणूक अजिबात नसतानाही नुकसान होऊ शकते याकडे लक्ष वेधायचे आहे.

धाग्याच्या शीर्षकात सोडती आणि नशिबाचे छोटे खेळ एकत्र आले आहेत. नियम करताना त्यांना एकत्र बांधू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोडतीत आज तिकीट घेतले तर निकाल काही आठवड्यांनी लागतो. हा मधला वेळच माणसाला वाचवतो, कारण हरल्याची जाणीव आणि पुन्हा पैसे लावण्याची संधी एकाच क्षणी समोर येत नाहीत. याउलट पट्टी फाडून लगेच निकाल पाहायचे 'पुल-टॅब'सारखे खेळ असतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १९८८ च्या छोट्या खेळांच्या कायद्यात रॅफल आणि पुल-टॅब दोन्ही शेजारी शेजारी आहेत. कागदाची पट्टी विकत घ्यायला माणसाला निदान हात पुढे करावा लागतो आणि समोर कोणीतरी पाहत असते. तोच खेळ पडद्यावर आला की, एक पट्टी उघडायला सेकंदही लागत नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २०१२ मध्ये क्रीडागाराच्या खर्चासाठी महसूल हवा म्हणून धर्मादाय संस्थांना टॅब्लेटवरच्या इलेक्ट्रॉनिक पुल-टॅबची परवानगी मिळाली. त्यांत एका स्पर्शाने सगळ्या पट्ट्या उघडण्याची सोय होती, ज्यामुळे तो खेळ स्लॉट मशीनसारखा वाटे. २०२३ मध्ये कायदा करून जानेवारी २०२५ पासून ती सोय बंद करावी लागली. धर्मादाय हे बिरुद असल्यामुळे अशा खेळांना सुरुवातीला फारसा विरोध होत नाही आणि नंतर संस्थांचे अंदाजपत्रकच त्यांवर उभे राहते, मग मागे फिरणे कठीण होते.

म्हणून माझा प्रस्ताव असा : ठरलेल्या तारखेला निकाल लागणारी सोडत ऑनलाइन चालावी, पण तत्काळ निकाल देणारा कोणताही खेळ धर्मादाय नोंदणीवर ऑनलाइन चालू नये. एका व्यक्तीने घ्यायच्या तिकिटांना मर्यादा असावी. हरलेल्याला 'पुढच्या सोडतीत पुन्हा प्रयत्न करा' असे संदेश पाठवण्यास आणि दरमहा आपोआप पैसे कापणारी नोंदणी आधीच खूण करून ठेवण्यास मनाई असावी.

काठावरून

एक प्रश्न. ऑनलाइन लिंक सीमेपलीकडे जाते. ज्या प्रदेशात सोडतीला मनाई आहे तिथल्या माणसाने तिकीट घेतले आणि तो जिंकला तर काय? वयाचे काय?

उंबरठा

काठावरून, कॅनडातील प्रांतांनी यावर सरळ उत्तर शोधले आहे : परवाना ज्या प्रांताचा, त्या प्रांतात खरेदीच्या वेळी ग्राहक प्रत्यक्ष असला पाहिजे. याची खातरजमा विक्रीच्या वेळी करायची, बक्षीस देताना नव्हे. नाहीतर संस्था बाहेरच्यांचे पैसे आनंदाने घेईल आणि ते जिंकले तरच नियम काढून दाखवील. अपात्र माणसाकडून पैसे घेतले गेले असतील तर ते निवडीच्या आधी परत झाले पाहिजेत. वयाबाबत ब्रिटनच्या कायद्यात संस्थांच्या सोडतीसाठी १६ वर्षांची अट आहे, पण तेथील राष्ट्रीय लॉटरीचे वय २०२१ मध्ये १८ झाले. ऑनलाइन विक्रीसाठी १८ हेच वय मला योग्य वाटते.

शांतरस यांचा प्रस्ताव मला मान्य आहे. मी शीर्षकात दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या, कारण अनेक कायद्यांत त्या एकत्र आहेत, पण नियमांत त्या वेगळ्या असाव्यात हे त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे.

परखड

माझा तात्त्विक विरोध कायम आहे, पण नियम करायचेच असतील तर एक मुद्दा सुटला आहे. तिकिटे कमी खपली की आयोजक निवडीची तारीख पुढे ढकलतात, कधी बक्षीसच बदलतात. ज्याने मोटारीसाठी तिकीट घेतले त्याला शेवटी 'जमलेल्या रकमेचा काही भाग' मिळतो. यात कोणी तक्रारही करत नाही, कारण चांगल्या कामाविरुद्ध तक्रार करायला माणूस संकोचतो.

ताळेबंद

हा फार खरा मुद्दा आहे आणि हिशेबात तो सर्वांत जास्त वेळा दिसतो. जाहीर केलेले बक्षीस विक्री सुरू होण्यापूर्वी संस्थेच्या ताब्यात असावे किंवा तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवलेली असावी. ते शक्य नसेल तर तिकिटावर आधीच छापावे की किती तिकिटे विकली गेली नाहीत तर काय होईल, आणि ते 'काय' म्हणजे सर्व घेणाऱ्यांना पूर्ण परतावा, बदललेले बक्षीस नव्हे.

उंबरठा

तारखेबद्दल ताळेबंद यांच्या सूचनेत एक वाक्य वाढवतो : पहिली विक्री झाल्यानंतर निवडीची तारीख बदलता येऊ नये. पूर, साथ किंवा यंत्रणेतील बिघाड अशा कारणाने बदलावीच लागली, तर नोंदणी देणाऱ्या कार्यालयाची लेखी संमती घ्यावी, प्रत्येक तिकीटधारकाला कळवावे आणि ज्याला थांबायचे नाही त्याला पैसे परत मागण्याचा हक्क असावा. बक्षीस कोणी मागायला आलेच नाही तर ते संस्थेकडे राहू नये. ठरलेली मुदत संपल्यावर बिनतारी यांनी सांगितलेल्या त्याच पद्धतीने, उरलेल्या यादीतून, नवे मिनिट आधी जाहीर करून दुसरी निवड व्हावी. येथे आलेल्या सूचनांचा एकत्रित मसुदा मी येत्या रविवारपर्यंत वेगळ्या प्रतिसादात लिहीन, म्हणजे प्रत्येक कलमावर स्वतंत्रपणे हरकती नोंदवता येतील.